पुढें काय झालें?

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

आज जो विषय मीं आपल्यापुढें मांडण्याचें योजिलें आहे, तो ऐकून आपल्यांपैकीं कांहीं जणांच्या कपाळाला आठ्या पडतील, हें मी जाणून आहें. नभोवाणीवर वाङ्मयाविषयीं बोलावयाचें तर ज्ञानेश्वरीपासून कादंबरीपर्यंत विषयांना तोटा नाहीं. आणि हा निवृत्त शाळामास्तर मुलांच्या चित्रकथांवर, त्यांतहि मुखवटे घातलेले वीर ज्यांत दर अंकाला एकेका दुष्टाचें पारिपत्य करतात अशा चित्रकथांवर, बोलावयास निघाला आहे! माझा अधिकारहि फारसा नाहीं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, लातूर जिल्ह्यांतील किल्लारी या गांवचा राहणारा आणि सारा जन्म प्राथमिक शाळेंत घालविलेला मनुष्य आहें. वर्गांत मांडीवर लपवून वाचलीं जाणारीं असलीं पुस्तकें मीं मुलांच्या हातून कितीदां काढून घेतलीं असतील, याची गणती नाहीं. तीं सारीं मीं संध्याकाळीं स्वतः वाचून मगच परत केलीं, ही गोष्ट मात्र मीं मुलांना कधीं सांगितली नाहीं. ती आज सांगतों.

या चित्रकथांचा एक विशेष असा कीं, त्या संपत नाहींत. सुपरमॅन हा वीर अमेरिकेंत १९३८ सालीं प्रथम छापला गेला, बॅटमॅन १९३९ सालीं, स्पायडरमॅन १९६२ सालीं. आणि तिघांच्याहि कथा अद्याप चालूच आहेत. आजोबांनीं वाचावयास घेतलेली गोष्ट नातू वाचीत आहे, आणि पुढील अंक निघावयाचाच आहे. शाळेंत आम्ही मुलांना शिकवितों कीं, गोष्टीला आरंभ असावा, मध्य असावा, आणि शेवट तर असावाच असावा. मग ज्या गोष्टीला शेवटच नाहीं, तिची एवढी गोडी मनुष्याला कां वाटावी? हें कोडें पुष्कळ दिवस माझ्या मनांत होतें. त्याचें उत्तर मला पुस्तकांत मिळालें नाहीं. तें आमच्या गांवांत, एका कठीण वेळीं मिळालें. त्याकडे मी शेवटीं येईन. आधीं गोष्टीची गोष्ट सांगतों.

मराठी घरांत अशी अखंड चालणारी वीरकथा शिरली ती मुख्यतः इंद्रजाल कॉमिक्सच्या द्वारें. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेनें मार्च १९६४ मध्यें ही माला सुरू केली. पहिल्या अंकाची किंमत ६० पैसे होती. माला प्रथम मासिक होती, मग पाक्षिक झाली, पुढें साप्ताहिक झाली, आणि १९९० सालीं बंद पडली. इंग्रजीबरोबरच ती मराठी, हिंदी, बंगाली इत्यादि देशी भाषांतूनहि निघे. तिच्यांत जादूगार मँड्रेक होता. १९७६ पासून आबिद सुरती यांनीं निर्माण केलेला आपल्या मातींतला बहादूर होता. परंतु मुलांचा खरा लाडका तो वेताळ. मूळ इंग्रजींत त्याचें नांव फँटम. ली फॉक या अमेरिकन लेखकानें १७ फेब्रुवारी १९३६ पासून वर्तमानपत्रांतून ही कथा रोज थोडी थोडी सांगण्यास आरंभ केला, आणि १९९९ सालीं मृत्यु येईपर्यंत, म्हणजे त्रेसष्ट वर्षें, तो ती सांगत राहिला. त्यानंतर इतरांनीं ती पुढें चालविली.

ज्यांनीं ती वाचली नसेल त्यांच्यासाठीं तिचा सारांश सांगतों. भारतीय अंकांत या वेताळाच्या देशाचें नांव डेंकाली. तेथील अरण्यांतले लोक मानतात कीं, हा पुरुष चारशें वर्षें जिवंत आहे. त्याला मरण नाहीं. खरी हकीकत निराळी आहे. १५३६ सालीं समुद्रावरील चांच्यांनीं एका जहाजावर हल्ला केला व कप्तानाला ठार केलें. त्याचा मुलगा तेवढा वांचून किनाऱ्याला लागला. बापाच्या मारेकऱ्याची कवटी हातीं घेऊन त्यानें शपथ वाहिली कीं, मी आणि माझे वंशज अन्यायाचा नाश करण्यांत आयुष्य वेंचूं. तो पहिला वेताळ. तो मेला, तेव्हां त्याच्या मुलानें तोच पोशाख आणि तीच कवटीची अंगठी धारण केली. आणि लोकांना वाटलें, हा तोच! आपण ज्याची कथा वाचतों तो एकविसावा आहे. कवटीच्या गुहेंत आधींच्या विसांच्या समाधी आहेत, आणि त्यांनीं स्वहस्तें लिहिलेल्या बखरी ओळीनें लावून ठेविल्या आहेत. अरण्याला हें ठाऊक नाहीं. गुहेचें रक्षण करणाऱ्या ठेंगण्या बांदर लोकांना ठाऊक आहे, आणि वाचणाऱ्या मुलाला ठाऊक आहे.

माझ्या लहानपणीं आमच्या गांवांत आणखीहि एक वेताळ येत असे. तो चांदोबांतला. मराठी चांदोबा १९५२ सालीं सुरू झाला, आणि राजा विक्रम व वेताळ हें त्यांतलें नेहमींचें सदर होतें. खांद्यावर प्रेत, हातांत तलवार आणि भोंवतीं स्मशान, हें शंकर यांनीं काढलेलें चित्र आपल्यांपैकीं अनेकांच्या डोळ्यांपुढें आतांहि उभें राहिलें असेल. वेताळ कथा सांगे, प्रश्न विचारी. राजा उत्तर देई. त्याचें मौन सुटे, आणि वेताळ पुन्हां झाडावर जाऊन लोंबकळे. मूळ संस्कृत संग्रहांत पंचवीस कथा आहेत. चांदोबानें नव्या कथा रचून तें सदर कित्येक दशकें पुरविलें.

आतां या दोन वेताळांतला भेद पहा. चांदोबांतील वेताळाच्या कथा पुष्कळ होत्या, पण त्या एकमेकींना ओळखत नव्हत्या. मागील महिन्यांत राजानें काय उत्तर दिलें, तें या महिन्यांत कोणालाच आठवत नसे, राजालाहि नाहीं. ज्या मुलानें मागचा अंक वाचला नसेल त्याचें कांहींच अडत नसे. हा मोठाच सोयीचा गुण आहे, आणि त्या कथांनीं मला जें दिलें त्याचें ऋण मी विसरत नाहीं. परंतु दुसऱ्या वेताळाच्या जगांत जें घडलें तें घडलेलें राहतें. त्यानें एखाद्या दुष्टाच्या जबड्यावर ठोसा मारला कीं कवटीची खूण उमटते, आणि ती जन्मभर जात नाहीं. डायना या युवतीची व त्याची ओळख १९३६ च्या पहिल्याच कथेंत झाली आणि विवाह झाला १९७७ सालीं. म्हणजे वाचकांनीं एक्केचाळीस वर्षें मुहूर्ताची वाट पाहिली! पुढें त्यांना जुळीं मुलें झालीं. मी तेव्हां नोकरीच्या उमेदवारींत होतों. आम्हां चार मित्रांना त्या बातमीनें इतका आनंद झाला कीं, जणूं आमच्याच भावकींत पाळणा हलला होता.

या गोडीचीं कारणें मला तीन दिसतात.

पहिलें कारण असें कीं, अशा कथेंत वाचकाची आठवण हें त्याचें भांडवल होतें. एरव्हीं पुस्तक मिटलें कीं वाचलेलें वाहून जातें. येथें मात्र दहा वर्षांपूर्वीं वाचलेला एक प्रसंग आज अकस्मात् कामास येतो. गुहेंतील कोणत्या समाधींत कोण आहे, हें ज्या मुलाला ठाऊक, तें मूल पाहुणा राहत नाहीं. तें घरचें होतें. कोठल्याहि जुन्या घरांत नव्या सुनेला आरंभीं सारें कोड्यांत बोलल्यासारखें वाटतें. पुढें एक दिवस ती स्वतःच कोणाला तरी ‘तें तसें नव्हे, तें असें झालें होतें’ म्हणून सांगूं लागते, आणि त्या दिवसापासून ती त्या घरची होते. चित्रकथेच्या वाचकाचें असेंच आहे.

दुसरें कारण गंमतीचें आहे. आमच्या गांवांत अंक क्रमानें कधींच येत नसत. कोणी लातूरला गेला आणि एस. टी. स्थानकावर त्याला अंक दिसला, तर तो येई. त्यामुळें एकाजवळ आरंभ, दुसऱ्याजवळ शेवट, आणि मधला अंक कोणाजवळच नाहीं, अशी नेहमींची स्थिति. मग आम्ही मुलें नीळकंठेश्वराच्या देवळाजवळ बसून मधला भाग स्वतः रचीत असूं. मागच्या अंकांत नायकाचा हात जखमी नव्हता, पुढच्या अंकांत बांधलेला आहे. तेव्हां मध्यें झुंज झाली असलीच पाहिजे. ती कोणाशीं, कोठें, कां? या वादांत संध्याकाळ संपे. वर्षा दोन वर्षांनीं खरा अंक हातीं येई, तेव्हां आमचा भागच अधिक चांगला होता असें आमचें एकमत होई. पुराव्यावरून अनुमान करण्याचें जें शिक्षण मला तेथें मिळालें, तें व्याकरणाच्या तासाला मिळालें नाहीं.

ही हौस आमचीच नव्हती. अमेरिकेंत मार्व्हल कंपनीचे वाचक पत्रें लिहून कथांतील विसंगती दाखवूं लागले, तेव्हां संपादक स्टॅन ली यांनीं एक युक्ति काढली. जो वाचक दिसणारी चूक ही वस्तुतः चूकच नाहीं असें चातुर्यानें सिद्ध करील, त्याला बक्षीस. आणि तें बक्षीस म्हणजे टपालानें येणारें एक रिकामें पाकीट! लोकांनीं तीं रिकामीं पाकिटें जपून ठेविलीं. कथा जितकी लांब, तितकीं तिच्यांत छिद्रें अधिक. आणि छिद्र दिसलें कीं तें बुजविण्यास वाचकाचा हात पुढें होतो. लांब कथा अशी लेखकाची एकट्याची राहत नाहीं.

तिसरें कारण गंभीर आहे. जेथें घडलेलें पुसलें जात नाहीं, तेथेंच दुःखाला वजन असतें. स्पायडरमॅनच्या कथेंत १९७३ सालीं त्याची प्रेयसी ग्वेन पुलावरून खालीं पडते. नायक तिला वांचवूं पाहतो, पण ती मरते. मुलांच्या वीरकथेंत असें घडत नाहीं, हा तोंवरचा संकेत होता. त्यानंतरच्या कित्येक वर्षांच्या कथांतून तो तरुण तें दुःख बरोबर वागवीत हिंडतो. ज्या वाचकानें तो अंक वाचला, त्याला पुढें साधा पूल जरी चित्रांत दिसला, तरी धस्स होतें. एकाच अंकांत संपणाऱ्या कथेला हें साधत नाहीं.

हें सारें परदेशांतून आलेलें खूळ आहे, असें मात्र कोणी समजूं नये. आपल्या पुराणकथांचें जग असेंच सलग आहे. रामायणांतला हनुमान महाभारताच्या वनपर्वांत वृद्ध वानराच्या रूपानें वाटेवर आडवा पडलेला असतो, आणि गर्विष्ठ भीमाला त्याची शेपटी उचलत नाहीं. रामाच्या सैन्यांतला जांबवान् पुढील युगांत स्यमंतक मण्यासाठीं श्रीकृष्णाशीं अठ्ठावीस दिवस झुंजतो, आणि अखेर आपला स्वामीच पुन्हां आला आहे हें ओळखून हात जोडतो. या प्रसंगांची गोडी कोणाला? ज्याला मागचें ठाऊक आहे त्याला. माझी आजी निरक्षर होती. परंतु कीर्तनकारानें एखाद्या राजाचा पुत्र भलत्याच राजाच्या पदरीं घातला, तर ती मागच्या रांगेंतून ‘महाराज, तो न्हवं, त्याचा चुलता!’ असें खणखणीत आवाजांत सांगे. महाभारत तरी काय आहे? जनमेजय विचारतो, वैशंपायन सांगतात; पूर्वजांनीं काय केलें आणि पुढें काय झालें, या प्रश्नावरच तो प्रचंड ग्रंथ उभा आहे.

कर्नाटकाच्या सीमेलगतच्या भागांत हेळवी फिरतात, हें आपल्यांपैकीं कांहींना ठाऊक असेल. सुगीच्या सुमारास ते बैलावरून येत, दारापुढें उभे राहून त्या कुळाची वंशावळ पिढ्यान् पिढ्या मागें म्हणून दाखवीत, आणि नवीन जन्मलेल्या मुलाचें नांव तींत जोडून घेत. कवटीच्या गुहेंतील बखरींविषयीं मीं प्रथम वाचलें, तेव्हां मला त्यांत नवल असें वाटलेंच नाहीं. वेताळाकडेहि हेळवी येत असेल, इतकेंच मनांत आलें.

मराठी लेखकांनींहि ही नाडी ओळखली होती. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ, भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे, हे एका पुस्तकांत मावले नाहींत. एकदां ओळख झाली कीं त्यांचें पुढें काय झालें हें विचारणें वाचकाला आपला हक्कच वाटतो. ओळखीच्या माणसाचें कुशल विचारावें तसा.

आतां दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. नाहींतर मी वकील ठरेन, शिक्षक नव्हे. या मालांच्या मुळाशीं व्यापार आहे. कथा संपूं न देण्यांत प्रकाशकाचा फायदा आहे, आणि म्हणून कित्येकदां मेलेल्याला परत उठवितात, लग्न झालेल्याचें लग्न मोडतात, आणि दुःखाचें जें वजन मीं आतांच सांगितलें तें आपल्याच हातांनीं हलकें करतात. दुसरें, पन्नास वर्षांच्या गुंत्यांत नव्या वाचकाला शिरकावच मिळत नाहीं. हा गुंता इतका वाढला कीं, सुपरमॅनच्या प्रकाशकांनीं १९८५–८६ सालीं बारा अंकांची एक खास माला काढून आपलीं अनेक विश्वें मोडलीं आणि एकच विश्व शिल्लक ठेविलें. गुंता पुढें पुन्हां झालाच! ज्या घरांत माणसें राहतात तेथें केर होणारच, त्यांतला हा प्रकार.

वेताळाच्या कथेवर तर याहून मोठा आक्षेप आहे. गोरा मनुष्य काळ्या लोकांच्या अरण्याचा रक्षक म्हणून पिढ्यान् पिढ्या सिंहासनावर बसतो, ही कल्पना साम्राज्यांच्या काळांतली आहे, आणि तिचा वास तिला येतो. मोठेपणीं तो मलाहि आला. परंतु या ठिकाणींहि लांब कथेचा एक गुण दिसतो. काळ बदलला तसें तिला आपलें जुनें बोलणें सुधारावें लागलें. त्याच अरण्याच्या देशाला पुढील कथांत लोकांनीं निवडलेला आफ्रिकन राष्ट्राध्यक्ष, डॉक्टर लुआगा, मिळाला; आणि वेताळ त्याचा मित्र म्हणून वागूं लागला. संपलेली कथा आपल्या चुका सुधारूं शकत नाहीं. चालू असलेलीला तेवढी संधि असते. ती ती घेते कीं नाहीं, हें सांगणारावर अवलंबून.

आतां आरंभीं कबूल केलेल्या गोष्टीकडे येतों.

३० सप्टेंबर १९९३. गणपतींचें विसर्जन करून लोक उशिरां झोंपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं भूकंप झाला. लातूर आणि तेव्हांच्या उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांत मिळून सुमारें आठ हजार माणसें गेलीं. आमच्याकडील घरें दगडमातीचीं, भिंती रुंद, वर मातीचें जड माळवद. उन्हाळ्यांत गारवा देणारें तेंच घर त्या पहाटे माणसांच्या अंगावर आलें. माझ्या घरचीं माणसें वांचलीं. शेजारचीं वांचलीं नाहींत. त्याविषयीं अधिक बोलवत नाहीं.

पुढें पत्र्याच्या शेडमध्यें शाळा भरूं लागली. पुस्तकें नव्हतीं. जीं मुलें होतीं त्यांच्यापैकीं कित्येकांचें घरांत कोणी ना कोणी गेलेलें. धडा शिकविण्यास मला तोंड होईना. माझी जुन्या अंकांची पत्र्याची पेटी ढिगाऱ्याखालीं गेली होती. तेव्हां आठवणींतूनच मीं एक दिवस वेताळाची गोष्ट सांगावयास घेतली. जहाज, चांचे, कप्तानाचा मृत्यु, किनाऱ्याला लागलेला मुलगा. सांगतां सांगतां माझ्या ध्यानांत आलें कीं, मीं फार वाईट गोष्ट निवडली आहे. पण आतां थांबणेंहि बरें दिसेना. एकविसाव्या वेताळापर्यंत कसाबसा पोंचलों. तोंच आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा, ज्याचे वडील त्या रात्रीं गेले होते, उभा राहिला आणि त्यानें विचारलें, “गुरुजी, बाप एकदम गेला अन् पोरगं ल्हान असलं, तर त्याला मागचं समदं कोण सांगायचं?”

इतकीं वर्षें मीं ती कथा वाचली, पण हा प्रश्न मला कधीं सुचला नव्हता. मी कांहीं वेळ गप्प राहिलों. मग म्हटलें, “गुहेंत वह्या असतात ना रे. आणि बांदर लोकांना सगळं ठाऊक असतं. ज्याला जेवढं ठाऊक आहे, त्यानं तेवढं सांगायचं.” मुलगा म्हणाला, “मग आपल्या वह्या?”

दुसऱ्या दिवसापासून आम्हीं एक वही केली. मुलें सांगत, मी लिहीत असें. कोणत्या गल्लींत कोणाच्या घराशेजारीं कोणाचें घर होतें. कोणाच्या दारांत कडुलिंब होता. कोणती म्हातारी संध्याकाळीं ओट्यावर बसून कोणाला काय हांक मारी. कोणाच्या बैलाचें नांव काय. मुलांना आठवेना तें त्यांनीं घरीं उरलेल्या मोठ्या माणसांना विचारून आणलें. पुष्कळदां तीं माणसें सांगतां सांगतां रडलीं. पण सांगावयाचें त्यांनीं टाळलें नाहीं. आणि वादहि झाले! एका गल्लींतली विहीर डाव्या हाताला होती कीं उजव्या, यावर दोन मुलें हातघाईवर आलीं. भूकंपानंतर तो वर्ग प्रथमच मोकळेपणीं भांडला, आणि मला तें भांडण ऐकून इतकें बरें वाटलें म्हणून सांगूं! मीं दोघांचीहि साक्ष लिहून ठेविली.

पुढें भूकंपांत मोडलेलीं बावन्न गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. आमचेंहि गांव जुन्या जागेवरून हललें. रस्ते सरळ, घरें पक्कीं. जुन्या गांवचा एकहि वळसा तेथें नाहीं, आणि पूर्वींचे शेजारी आतां शेजारी राहिलेच असें नाहीं. जुन्या जागेवरून नव्या गांवांत आलें तें एक नांव. पाटीवर आजहि किल्लारीच लिहिलेलें आहे. परगांवच्या माणसाला वाटतें, हें तेंच गांव. आम्हांला ठाऊक आहे कीं, एक गांव मेलें आणि दुसऱ्यानें त्याचा पोशाख धारण केला. परंतु दुसऱ्यानें पोशाख केला म्हणून पहिलें खोटें ठरत नाहीं. तें काय होतें हें सांगणारे तेवढे पाहिजेत.

कांहीं वर्षांपूर्वीं तोच मुलगा, आतां संसारी गृहस्थ, आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आला. तिला तिच्या आजोबांचें घर कोठें होतें तें पहावयाचें होतें. मीं वही काढून दिली. त्यानें ती गल्ली शोधली, मुलीला नांवें वाचून दाखविलीं, आणि मग खिशांतली लेखणी काढून विहिरीच्या ओळीपुढें लिहिलें, ‘डाव्याच हाताला होती.’ भांडणाऱ्या दोघांपैकीं एक तोच होता, हें मी विसरलों होतों, तो विसरला नव्हता. मुलीनें लगेच विचारलें, “मग पुढं काय झालं?”

श्रोतेहो, माझ्या कोड्याचें उत्तर मला असें मिळालें. मनुष्याला शेवट आवडत नाहीं असें नव्हे. पण जें घडलें तें कोठें तरी धरून ठेविलेलें आहे, आणि आपल्यामागें कोणी तरी त्यांत पुढची ओळ लिहिणार आहे, एवढा भरंवसा त्याला पाहिजे असतो. साठ पैशांच्या कागदी पुस्तकानें तो भरंवसा, खोट्या वीराच्या निमित्तानें कां होईना, आम्हां खेड्यांतल्या मुलांना दिला. अरण्यांतले लोक वेताळाला अमर समजतात, ती त्यांची भाबडी समजूत. मरतो तर प्रत्येक जण. राहतें तें मागचें ठाऊक असलेल्यांनीं पुढच्याला सांगितलेलें.

म्हणून आपल्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांना माझी एवढीच विनंती आहे. आपल्या मुलाच्या हातीं अशी एखादी न संपणारी चित्रकथा दिसली, तर ती एकदम काढून घेऊं नका. तिच्यांत मागें काय झालें, तें त्यालाच विचारा. तो तासभर सांगेल. त्याचें सांगून झालें म्हणजे मग आपल्या घराचें मागें काय झालें, तें आपण त्याला सांगा. आजोबा कोणत्या गांवाहून निघाले, कां निघाले, तेथें दारापुढें कोणतें झाड होतें. आपल्याला जेथें आठवत नसेल तेथें तसें मोकळेपणानें सांगा. मुलें मधला भाग रचतील, आणि कदाचित् एक दिवस कोठून तरी खरा अंकहि हातीं येईल.